गाडी हवा खातेय

माझी गाडी २०१२ सालची, पेट्रोलवर चालणारी, सेकंड हँड घेतलेली. या जुलैत तिला एक खोड लागली. सकाळी सेल्फ मारला की घर्रघर्र करत राहायची आणि चौथ्या-पाचव्या वेळी सुरू व्हायची. सुरू झाली की रेस आपोआप वाढायची. ॲक्सिलरेटरवर पाय नसताना काटा दीड हजारावर चढायचा, मग धपकन पाचशेवर यायचा, पुन्हा वर. उरण नाक्याजवळच्या गर्दीत एसी चालू असताना ती दोनदा बंद पडली. मागे रिक्षांची रांग, हॉर्नचा कल्लोळ आणि शेजारच्या सीटवर अम्मी. ती म्हणाली, "तुझ्या अब्बांची पद्मिनी अशी भर रस्त्यात कधी रुसली नाही."

हे खरं नाही. पद्मिनी महिन्यातून दोनदा रुसायची. पण अब्बांना तिची समजूत काढता यायची आणि मला माझ्या गाडीची काढता येत नाही, एवढाच अम्मीचा मुद्दा असावा.

आधी मी गाडी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे काचेची केबिन, फुकट कॉफी, संगणकावर छापलेलं एस्टिमेट. थ्रॉटल बॉडी, ऑक्सिजन सेन्सर, चारही इग्निशन कॉइल, चारही प्लग. मजुरीसकट एकतीस हजारांच्या वर. मी विचारलं, "यातलं नेमकं खराब काय आहे?" समोरचा तरुण अदबीने म्हणाला, "सर, स्कॅनमध्ये कोड आलाय. हे बदलून बघू."

"आणि याने नाही गेलं तर?"

"मग ईसीएम बघावा लागेल."

बदलून बघू. गाडीचं निदान करण्याऐवजी माझ्या खिशावर प्रयोग करायची ही रीत आता इतकी रुळली आहे, की आपण तिला निदानच समजतो. त्या तरुणाचाही फारसा दोष नाही. त्याला दिवसाला किती गाड्या बाहेर काढायच्या आणि किती रुपयांचे पार्ट खपवायचे, याचा हिशेब वरून येतो. विचार करायला लागणारा अर्धा तास त्या हिशेबात कुठेच नसतो.

मी गाडी परत घेतली आणि जुन्या पनवेलमध्ये उस्तादांकडे गेलो. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही, आणि गल्लीत त्यांना उस्ताद सोडून दुसरं नाव आहे हे माझ्याही लक्षात राहत नाही. मूळचे महाडकडचे. चाळीस वर्षांपूर्वी मामाच्या गॅरेजमध्ये पाने पुसायला आले, मध्ये सात वर्षं सौदीत काढली, परत येऊन स्वतःचं शटर टाकलं. वर पत्रा, खाली ऑइलने काळी झालेली जमीन, भिंतीवर कॅलेंडर आणि आयतुल कुर्सीची फ्रेम. कॉफी नाही. समोरच्या टपरीवरून कटिंग येतो.

उस्तादांनी बोनेट उघडलं नाही. आधी मला स्टुलावर बसवून विचारायला सुरुवात केली. त्रास थंड गाडीला जास्त की गरम झाल्यावर? पाऊस असेल त्या दिवशी वाढतो का? एसी लावल्यावर काटा किती खाली जातो? सुरू होताना इंजिन जोरात फिरतं आणि पेटत नाही, की मुळात फिरतानाच दमतं? हे सुरू होण्याआधी गाडीचं काही काम केलं होतं का? पेट्रोल नेहमीच्याच पंपावरचं का?

यातल्या चौथ्या प्रश्नाला मी अडखळलो. फिरतं पण पेटत नाही आणि फिरतानाच दमतं, हे दोन वेगळे आजार आहेत हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्यात ठिणगी किंवा पेट्रोल शोधायचं, दुसऱ्यात बॅटरी, तिच्या तारा आणि स्टार्टर. मी दोन्हींना 'गाडी स्टार्ट होत नाही' असंच म्हणत होतो. आपल्याकडे बहुतेक गाडीवाले असंच सांगतात आणि मग मेकॅनिकला आपला आजार ओळखता आला नाही म्हणून कुरकुरतात.

आता गाडीच्या पोटात काय चालतं ते थोडक्यात सांगतो. पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. चार सिलिंडरचं इंजिन उभ्या जागी मिनिटाला आठशे फेरे घेत असेल, तर त्या मिनिटात सोळाशे ठिणग्या पडतात. बॅटरीच्या बारा व्होल्टवरून कॉइल वीस हजार व्होल्टच्या पुढे उडी मारते, तेव्हा प्लगच्या फटीतून ती ठिणगी जाते. पाय ॲक्सिलरेटरवर नसतो तेव्हा हवेचं मोठं दार जवळपास बंद असतं आणि बारीक वाटेने मोजून हवा आत जाते. त्या मोजलेल्या हवेच्या प्रमाणात पेट्रोल सोडलं जातं. म्हणजे उभी गाडी शांत घुमते ती या हिशेबावर. हिशेबात नसलेली हवा कुठून आत शिरली, की रेस चढते आणि मिश्रण पातळ होतं. संगणक ते सावरायला जातो, जास्त सावरतो, मग उलटीकडे ओढतो. काटा वर-खाली नाचतो तो असा.

उस्तादांनी आधी बॅटरीला मल्टीमीटर लावला. १२.६ व्होल्ट. उत्तम. मग मीटरची एक तार बॅटरीच्या मायनस टोकाला आणि दुसरी थेट इंजिनाच्या लोखंडाला लावून मला सेल्फ मारायला सांगितला. तिथे जवळपास शून्य दिसायला हवं, अर्धा व्होल्ट म्हणजे फार झालं. मीटर दोनाच्या आसपास गेला. "बघा, बॅटरी देतेय पण इंजिनापर्यंत पोचत नाही," उस्ताद म्हणाले. खाली वाकून त्यांनी अर्थिंगची पट्टी दाखवली. तिच्या टोकावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी भुकटी. खाडीजवळची दमट हवा आणि चार पावसाळे. सकाळच्या घर्रघर्रीचा निकाल लागला.

मग इंजिन सुरू ठेवून त्यांनी पक्कडीला कापड गुंडाळलं आणि हवेचा एकेक रबरी पाइप दाबत गेले. तिसरा पाइप दाबला आणि गाडी एकदम गप्प झाली. म्हणजे बंद पडली नाही, काटा आठशेवर येऊन स्थिर बसला. पक्कड सोडली, पुन्हा नाच. पक्कड लावली, पुन्हा शांत. इंजिनातली वाफ मागे खेचून घेणारा तो वाकडा पाइप आतल्या बाजूने चिरला होता. वरून बोट फिरवलं तरी समजणार नाही अशी चीर.

"गाडी हवा खातेय, सर."

पाइप १८० रुपये. अर्थिंगची पट्टी ३५०. थ्रॉटल बॉडी बदलली नाही, खोलून आतला काजळीचा थर साफ केला, कारण एसीचं ओझं पडलं की हवा वाढवायला तिथली फटच बुजली होती. प्लग काढून पाहिले. टोकं थोडी पांढुरकी, म्हणजे मिश्रण पातळ जळत होतं. काळी काजळी असती तर उलटं, पेट्रोल जास्त. कॉइल सगळ्या ठणठणीत. मजुरी धरून १,४३० रुपये.

हे पैसे वाचल्याच्या आनंदात लिहीत नाही. त्या दिवशी तिथे आणखी एक गोष्ट घडली आणि ती माझ्या डोक्यातून जात नाही.

उस्तादांकडे एकोणीस वर्षांचा एक मुलगा आहे. सगळे त्याला छोटू म्हणतात. उंचीने तो माझ्यापेक्षा वीतभर जास्त आहे, पण चौदाव्या वर्षी आला तेव्हा चिकटलेलं नाव अजून सुटलेलं नाही. नववीतून शाळा सुटली. त्याने स्वतःच्या पैशांतून एक स्वस्तातला स्कॅनर घेतला आहे, जो गाडीच्या सॉकेटमध्ये बसतो आणि मोबाइलवर कोड दाखवतो. त्याने माझ्या गाडीला तो लावला. पी०१७१ असा कोड आला आणि खाली इंग्रजीत एक ओळ. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला, "सर, वाचा ना." मी शिक्षक आहे, एम.ए. आहे. मी वाचलं, 'सिस्टम टू लीन'. आणि अर्थ सांगितला, "सिस्टम फार कलली आहे, झुकली आहे."

छोटू गंभीर होऊन गाडीखाली वाकून बघायला लागला.

उस्ताद हसत सुटले. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण सौदीत हा शब्द त्यांच्या कानावरून हजारदा गेला होता. "लीन म्हणजे पातळ, सर. हवा जास्त, पेट्रोल कमी. पाइप सांगतोय तेच मोबाइल सांगतोय." भाषा माझ्याकडे होती, मतलब त्यांच्याकडे. मुलाकडे मशीन होतं, आणि त्याला आम्हा दोघांचीही गरज होती.

आणखी एक बारीक गोष्ट. त्या कोडने 'हवा-पेट्रोलचं प्रमाण बिघडलंय' एवढंच सांगितलं होतं. ऑक्सिजन सेन्सर खराब आहे असं त्यात कुठेही नव्हतं. कोड लक्षण सांगतो, कारण शोधावं लागतं. ताप आला म्हणून कोणी थर्मामीटर बदलत नाही. पण एकतीस हजारांच्या एस्टिमेटमध्ये नेमकं तेच लिहिलं होतं.

अब्बांच्या काळी ज्ञानाला कुलूप नव्हतं. पावसाळ्यात पद्मिनी मिसिंग मारायला लागली की ते रात्री अंगणातला दिवा घालवून बोनेट उघडायचे आणि इंजिन सुरू करायला लावायचे. अंधारात प्लगच्या वायरींवरून निळ्या ठिणग्या पळताना दिसायच्या. जिथे निळं दिसलं ती वायर फुटलेली. डेल्कोचं झाकण काढून आतला ओलावा कोरड्या फडक्याने पुसायचा, पॉइंट घासायचे, चाललं. डेल्को हा शब्द आपल्या गॅरेजात सगळे वापरतात, आणि तो एका अमेरिकी कंपनीच्या नावावरून आलाय हे मलाही उशिरा कळलं. चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९ साली ओहायोतल्या डेटन गावी ती सुरू केली. बॅटरीवर चालणारं इग्निशन आणि १९१२ च्या कॅडिलॅकमधला सेल्फ स्टार्टर ही केटरिंगची कामगिरी. त्याच्या कंपनीचं नाव पनवेलच्या गल्लीत एका पार्टचं नाव होऊन राहिलं. कारण त्या झाकणाखाली काय आहे ते कोणालाही उघडून बघता येत होतं.

२००० नंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, कार्बोरेटर गेले, इंजेक्शन आलं, गाडीत संगणक बसला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. हे चांगलंच झालं. कळंबोलीच्या हवेत श्वास घेणारा माणूस याविरुद्ध बोलणार नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली तेव्हा लोक हळवे झाले, मी फारसा झालो नाही. माझी तक्रार संगणकाबद्दल नाही, त्याच्या किल्लीबद्दल आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. कारण हेच: सुटे भाग, तपासणीची साधनं आणि दुरुस्तीची माहिती त्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. कंपन्या अपिलात गेल्या. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, मग पोर्टलही निघालं. आमच्या गल्लीत यातलं काय पोचलं? छोटूचा स्वस्तातला स्कॅनर. तो इंजिनाचे साधे कोड वाचतो. त्यापुढे कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय दार उघडत नाही.

आता आपल्या घरातलं बोलतो.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुसलमान कामगार कुठल्या धंद्यांत जास्त आहेत ते आलं आहे, आणि वाहनदुरुस्ती त्यात आहे. पनवेलमध्ये त्यासाठी अहवाल उघडायची गरज नाही. जुन्या पुणे रस्त्याने नाहीतर गोवा हायवेने पळस्प्यापर्यंत एक चक्कर मारा. अर्ध्या शटरांवर '७८६' दिसेल. आणि याच कामावरून आपल्याला टोमणा मारला जातो. 'पंक्चरवाले' ही शिवी झाली आहे. ती आली की आपण काय करतो? आपल्या डॉक्टरांची, आयएएस झालेल्या मुलांची यादी पुढे करतो. यादी खरी असते, मला तिचा अभिमानही आहे. पण ती यादी ऐकताना उस्ताद स्टुलावर बसलेले असतात. आपल्या उत्तराचा अर्थ त्यांच्यापुरता एवढाच होतो, की शिवी बरोबर आहे, फक्त आमच्यातले काही जण त्यातून सुटले.

आपल्या जलशांत अल-जझरीचं नाव हमखास घेतलं जातं. त्याने १२०६ मध्ये यंत्रांवर ग्रंथ लिहिला, त्यात क्रँकवर चालणारा पंप आहे, हे सगळं ठीक. तो दरबारात इंजिनिअर होता, हातांनी काम करणारा माणूस होता. आज तो असता तर आपण त्याला व्यासपीठावर बसवलं असतं की गाडी बाहेर लावून 'जरा बघ रे' म्हटलं असतं?

यावर माझ्या एका मित्राचा आक्षेप आहे आणि तो हलका नाही. तो म्हणतो, "तू पोरांना गॅरेजातच ठेवायचं तत्त्वज्ञान सांगतोयस. कामाची इज्जत वगैरे बोलणाऱ्यांची मुलं इंजिनिअरिंगला जातात." माझीही मुलगी इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे मला गप्प बसावं लागलं. चौदा वर्षांचं पोर शाळा सोडून पाने पुसायला येणं ही अभिमानाची गोष्ट नाही, ती आपली आणि सरकारची दोघांची नामुष्की आहे. उस्तादही तेच म्हणतात. त्यांनी स्वतःच्या मुलाला बी.कॉम. केलं. पण तो मुलगा आज एका मॉलमध्ये बारा हजारांवर उभा असतो आणि छोटू त्याच्या दीडपट कमावतो, हेही उस्तादच सांगतात. सांगताना त्यांचा चेहरा कसा होतो ते लिहिता येत नाही.

म्हणून शाळा की गॅरेज हा प्रश्न मला खोटा वाटतो. जो मुलगा गॅरेजात आलाच आहे, त्याच्यासाठी आपण काय केलं, हा प्रश्न आहे. आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे, पनवेलमध्येच सरकारी आयटीआय आहे, पण त्याला दहावी लागते. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते. हे छोटूला पाच वर्षांत एकाही माणसाने सांगितलं नव्हतं. त्याच्या मोहल्ल्यात तीन जमाती आहेत, दोन ट्रस्ट आहेत, रमजानमध्ये किट वाटणारे तर मोजता येणार नाहीत. आणि मी स्वतः आठ वर्षं त्या गॅरेजात जातो. मीही सांगितलं नव्हतं.

व्होल्ट म्हणजे काय, करंट म्हणजे काय, सर्किटचं चित्र कसं वाचायचं, मल्टीमीटर कुठे लावायचा, सेन्सरची नावं आणि पाच-पन्नास इंग्रजी शब्द. एवढ्यासाठी इमारत लागत नाही, मशिदीच्या शेजारचा मदरशाचा हॉल रविवारी दुपारी रिकामाच असतो. शिकवायला इंजिनिअर पोरं आहेत, जी यादीत पुढे केली जातात ती. मात्र शिकवणं एकतर्फी नसावं. त्या इंजिनिअर पोरांतल्या कितीजणांना पाइप दाबून आजार ओळखता येईल? उस्तादांच्या हातात जे आहे ते कुठल्याही पुस्तकात नाही आणि त्यांचे गुडघे आता दुखतात. विजेच्या गाड्या आल्या की प्लगही जाईल आणि आयडलिंगही. पण अर्थिंगची पट्टी तिथेही आहे, गंजही आहे, आणि आधी विचारायची रीत तर हवीच आहे.

हल्ली गाडीला काही झालं की पेट्रोलमधल्या इथेनॉलवर ढकलायची फॅशन आहे. मीही उस्तादांना तेच सांगून बघितलं. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही हे ते मान्य करतात. पण हा पाइप हवेचा, त्यातून पेट्रोल जात नाही. "सर, आधी बघायचं, मग नाव ठेवायचं," म्हणाले आणि दुसऱ्या गाडीखाली सरकले.

छोटूने फॉर्म आणलाय. गणिताची त्याला भीती वाटते, पण सोळाशे ठिणग्यांचा हिशेब मी त्याला विचारला तेव्हा त्याने तोंडी सांगितला. एका दोनशे पानी वहीत तो आता कोड उतरवतो: डावीकडे नंबर, मध्ये इंग्रजी शब्द देवनागरीत, उजवीकडे अर्थ. पहिल्या पानावर 'लीन – पातळ (झुकली नाही)' असं लिहिलंय, कंस माझ्यासाठी. गेल्या रविवारी 'इंटरमिटंट' हा शब्द अडला. मी म्हणालो, 'अधूनमधून होणारा'. त्याने जरा विचार केला आणि लिहिलं, 'उस्ताद बघायला आले की गायब होतो तो'.